स्वच्छ ओळ

"ये गं चिमणे, दाणा खा,
दाणा खाऊन घरी जा;
घर कुणाचं? वाऱ्याचं.
वारा कुणाचा? कुणाचा ना."

असं म्हणायचा तो, क्लेलियाचा आजोबा. आपल्या डोंगराकडच्या बोलीत, दात नसलेल्या तोंडातून, निम्मे शब्द आतल्या आत गिळत. मागच्या अंगणात अंजिराच्या झाडाखाली जाळं पसरलेलं असायचं, जाळ्यावर मक्याची भरड, आणि धुण्याच्या टाकीआड उकिडवा बसून तो चिमण्यांना बोलवायचा. एवढा मऊ आवाज त्या घरात दुसऱ्या कुणाचा नव्हता. लहानग्या क्लेलियाला वाटे, आपण चिमणी असतो तर आपणही गेलो असतो. चिमण्या यायच्या. मग दोरीला एक हिसका, जाळ्याखाली एकच फडफड, आणि तो एकेकीला मुठीत धरून अंगठ्यानं मान मोडायचा. शेंगा फोडाव्यात तशी. ओठांवर गाणं तेच, सूरही तोच. दुपारी मक्याच्या पिवळ्या घट्ट लापशीवर त्या चिमण्या पायांसकट मांडलेल्या असायच्या आणि तो हिरड्यांनी त्यांची हाडं कुरकुरवायचा. हनुवटीवरून तेल ओघळायचं. ते तेल तो लापशीच्या गोळ्यानं पुसायचा आणि तो गोळा तोंडात टाकायचा.

वकिलातीतल्या काचेपलीकडची बाई "स्वच्छ" म्हणाली आणि क्लेलियाला हे सगळं एकदम ऐकू आलं. आधी गाणं, मग हाडं.

बाई तरुण होती, नखं नीट कापलेली, बोलताना तोंडाला पुदिन्याच्या गोळीचा वास. तिनं कागद एकामागोमाग एक उलटले, प्रत्येकावर बोट टेकवलं. जाकोमो ग्रिबाउदो, जन्म इटलीतल्या पिएमोंतेमधला. त्याचा मुलगा आल्दो, जन्म इथला, रोसारिओचा. आल्दोची मुलगी क्लेलिया. क्लेलियाचा मुलगा दामियान. आणि सगळ्यांत वर तो सरकारी दाखला, की जाकोमो ग्रिबाउदो या नावाचा माणूस मरेपर्यंत या देशाचा नागरिक झाला नाही, मतदारांत त्याची नोंद नाही. त्या दाखल्यापाशी बाई थांबली आणि हसली. "कधीच नाही? वा! लोकांच्या आजोबांनी मध्येच इथला कागद घेऊन काय काय घोळ करून ठेवलेले असतात, तुम्हाला सांगते. तुमची ओळ किती स्वच्छ आहे! इथे सही करा सिन्योरा, आधी तुमची, मग चिरंजीवांची. कडीतून कडी."

क्लेलियानं पेन हातात घेतलं. पेनाला दोरी बांधलेली होती आणि दोरीला सकाळपासूनच्या सगळ्या हातांचा ओशटपणा होता. तिला वाटलं, खिडकीच्या त्या फटीतून लसणाचा वास येतोय. जुन्या, घामातून पाझरलेल्या लसणाचा. तिथे लसूण कुठून येणार! ती औषधाच्या दुकानात उभ्या उभ्या म्हातारी झालेली बाई. वासाच्या बाबतीत तिचं नाक खोटं बोलत नसे. पण वास होता. मागे दामियान एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत होता, त्याचा श्वास तिच्या मानेवर येत होता. पोराचा श्वास, पोटच्या पोराचा, आणि तोही तिला नकोसा झाला.

"आज माझ्याच्यानं होत नाही," ती म्हणाली आणि पेन खाली ठेवलं.

बाई गोंधळली. मग गळ्यातला स्कार्फ सारखा करत समजुतीनं म्हणाली, "होतं असं. काहींना रडू येतं. उद्या दुपारपर्यंत मी फाईल वर ठेवते. पण उद्याच हं. नंतर ती गठ्ठ्यात खाली गेली की वर यायला वर्षं लागतात."

बाहेर पायऱ्यांवर रांग होतीच. त्या वर्षी सगळं शहरच रांगेत उभं होतं, अर्धं पैसे अडकवून बसलेल्या बँकांच्या बंद दारांपुढे आणि अर्धं वकिलातीच्या. घडीच्या खुर्च्या, गोधड्या, बगलेत थर्मास. 'माते' नावाच्या कडू काढ्याची तुंबडी हातोहात फिरत होती आणि तिच्यातली ती एकच धातूची नळी ह्या तोंडातून त्या तोंडात जात होती. जन्मभर क्लेलियानं तसंच प्यायलं होतं, शेजारणींच्या, गिऱ्हाइकांच्या, कुणाच्याही नळीनं. न पिणं म्हणजे माणसाचा अपमान. आज एका बाईनं पुढे केलेली तुंबडी पाहून तिनं तोंड फिरवलं. नळीच्या टोकाला लाळेचा एक तंतू चमकत होता. बाई म्हणाली, "नको तर नको गं बाई! युरोपीय झाली वाटतं आत जाऊन." रांग खो खो हसली.

बसमध्ये चढल्यावर दामियान म्हणाला, "पेन चालत नव्हतं का?"

"चालत होतं."

"मग?"

"मळमळलं."

"मळमळलं म्हणे! लोक त्या दारात अंथरूण टाकून झोपतात आई. मी झोपलोय. आणि तुला मळमळलं. लिंबू चोखायचं होतंस."

"ओरडू नकोस. लोक बघतायत."

"बघू देत. त्यांनाही जायचंय." मग आवाज खाली आणून, लहानपणी सायकल मागताना आणायचा तसा, "अगं, नकाशे काढायचं माझं दुकान बंद झालं. या देशात आता घरं कोण बांधतंय? सांग ना. मी काय करू इथे? आजीची नखं कापू?"

"इटलीत काय करणारेस?"

"इटलीत कोण चाललंय? वालेन्सियाला जायचंय. शाळेतल्या इग्नासियोचा भाऊ आहे तिथे. समुद्र आहे, आपली भाषा आहे."

"मग इटलीचा पासपोर्ट कशाला?"

"युरोपाचं दार उघडायला. किल्लीला कुणी विचारतं का, बाई तू कुठल्या गावची?"

तिला हसू आलं असतं एरवी. पोराचं तोंड गेलेल्या बापासारखं, बोलणं गोड. तिनं खिडकीबाहेर पाहिलं. बंद दुकानांच्या पत्र्यांवर जाहिराती चिकटवलेल्या: पूर्वज शोधून मिळतील, भाषांतर, शिक्के, खात्रीचं काम. पूर्वज. जसे काही पूर्वज म्हणजे हरवलेले कुत्रे. पुढच्या बाकावर एक माणूस दुसऱ्याला सांगत होता की त्याच्या बायकोचा पणजा कालाब्रियाचा निघाला आणि मेहुण्यानं आनंदानं बकरू कापलं. निघाला! जमिनीतून तेल निघावं तसा. क्लेलियानं रुमाल तोंडाशी धरला. रुमालाला दुकानातल्या स्पिरिटचा वास होता, त्यानं जरा बरं वाटलं.

स्वच्छ. हा शब्द तिच्या घरात जन्मला, वाढला होता. आईचा शब्द. एर्मिंदा, क्लेलियाची आई, इथली पिढ्यानपिढ्यांची. तिच्या माहेरी भिंतीवर कुठल्याशा लढाईतली तलवार होती आणि पोटात तिन्हीत्रिकाळ पाव असेलच असं नव्हतं. तिनं बंदरावरच्या कारकुनाशी, आल्दोशी लग्न केलं आणि आल्दोबरोबर त्याचा बाप पदरी आला. तो 'गावंढळ' आला, 'परदेशी' आला, 'तो तुमचा' आला. नाव घेऊन तिनं त्याला कधी हाक मारली नाही. त्याला मागची खोली दिली, जिथे आधी कोळसा असे. त्याची थाळी वेगळी. त्याचा पत्र्याचा मग वेगळा, न्हाणीबाहेरच्या खिळ्याला टांगलेला, आणि तो विसळायचा तो टाकीवर, ब्लीच घालून, घरातल्या भांड्यांत मिसळायचा नाही. का, असं क्लेलियानं एकदा विचारलं होतं. "स्वच्छतेसाठी," आई म्हणाली. जेवण पोचवायचं काम क्लेलियाचं. थाळी दोन्ही हातांनी धरून ती अंगण ओलांडायची, आणि तो दारातच बसलेला असायचा, थाळी घेताना तिच्या बोटांना हात लागू नये म्हणून स्वतःच बोटं आखडून घ्यायचा. ती आखडलेली बोटं. त्यांना काय म्हणावं हे तिला तेव्हा कळत नव्हतं, आणि आजही ती बसच्या दांडीला धरून उभी होती तर तिची स्वतःची बोटं शेजारच्याच्या हातापासून तशीच आखडली होती.

सणावाराला पाहुणे आले की मागचं दार लोटून घेतलं जायचं. आवाज मात्र लोटता येत नसे. तो गायचा, खोकायचा, थुंकायचा. पत्र्याच्या डब्यात थुंकी पडल्याचा टण्ण आवाज जेवणघरात यायचा आणि आई मोठ्यानं बोलायला लागायची. एकदा आल्दोनं, तिच्या बापानं, घास तसाच हातात ठेवून मागच्या दाराकडे पाहिलं. आईनं त्याच्या थाळीत आणखी मांस वाढलं. त्यानं ते खाल्लं. बापाबद्दल क्लेलियाच्या मनात एवढंच एक चित्र स्पष्ट उरलं आहे: खाली घातलेली मान आणि हलणारा जबडा.

ती बारा वर्षांची असताना तो गेला. हिवाळा होता. खाट बाहेर काढली आणि गादी अंगणाच्या मधोमध टाकून आईनं तिच्यावर रॉकेल ओतलं. लोकरीची गादी, त्यानं आपल्या गावाहून आणलेली. ती भडकली नाही, धुमसत राहिली, दोन दिवस. केस जळल्यासारखा तो वास पडद्यांत, पावात, शाळेच्या वह्यांत गेला. शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरींवर काजळी बसली म्हणून भांडण झालं. आईनं खोली ब्लीचनं धुतली, चुना लावला, पुन्हा धुतली. पुढे तिथे शिवणयंत्र आलं, मग कुणी ना कुणी भाडेकरू, आणि गेली काही वर्षं तिथे दामियानचं नकाशे काढायचं टेबल होतं. परवापरवापर्यंत तो तिला "कोळशाची खोली" म्हणायचा. आता इटालियन थाटात म्हणतो "नोन्नोची खोली", म्हणजे आजोबांची. मित्रांना दाखवतो. म्हणतो, इथे माझा पणजा राहायचा, जातिवंत पिएमोंतेचा, हाडाचा.

आणि तो फोटो. त्याचा एकच फोटो होता, तोही कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्याच्या कडेला अर्धा कापलेला. दामियाननं तो स्टुडिओत नेला. तिथल्या माणसानं त्याला घोळक्यातून बाहेर काढलं, मोठं केलं, गाल भरले, तोंड मिटवलं, आणि ज्यानं आयुष्यात गळ्याला मळका रुमाल सोडून काही बांधलं नाही त्याला कॉलर आणि टाय दिला. फोटो जेवणघरात टांगला. ज्या खोलीत त्याला बसून कधी घास मिळाला नाही, तिथे तो आता बड्या साहेबासारखा त्यांचं जेवण बघत बसतो. पहिल्या दिवशी क्लेलियानं त्याच्याकडे पाहिलं आणि ओळखलं नाही. हात लावून पाहिला तर काचेखाली तो गुळगुळीत, धुतलेला, अत्तर लावल्यासारखा. मेलेल्याला नटवणाऱ्यांनी नटवावा तसा. तिनं हात साबणानं धुतले. दुसऱ्या दिवशी पिएमोंतेवाल्यांच्या मंडळात मेजवानी होती, दामियान वर्गणी भरून सभासद झाला होता. लसूण आणि खारवलेल्या माशाची ती गरम आमटी मधोमध ठेवून सगळे गळ्यात कागदी लाळेरी बांधून बुडवून बुडवून खात होते, आणि ज्यांच्या घरी ह्याच वासापायी म्हातारी माणसं परसात जेवली असतील ती नातवंडं म्हणत होती, अहाहा, हा वास! हाच तो आपला वास! क्लेलिया उठून बाहेर गेली. पाराना नदीवरून वारा येत होता, तोच तेवढा कुणाचा नव्हता.

घरी पोचेपर्यंत जेवणाची वेळ झाली होती. एर्मिंदानं वजडीचा रस्सा केला होता. चौऱ्याऐंशीव्या वर्षी ती अजून स्वतः वजडी धुवायची, लिंबू आणि मीठ लावून, कुणाच्या हाती देत नसे. ओठांना लाली, अंगाला लॅव्हेंडरचं पाणी, पाठ ताठ.

"झालं का?" तिनं विचारलं. "लागलं लग्न?"

"नवरी ऐन वेळी पळाली, आजी," दामियान खुर्ची ओढत म्हणाला.

"म्हणजे?"

"सही केली नाही. मळमळलं तिला."

एर्मिंदानं मुलीकडे पाहिलं. "लहानपणापासून हिचं पोट असंच. ओकायला नुसतं निमित्त लागतं. बस. गरम आहे तोवर घे."

वाडग्यात वजडीचे तुकडे होते, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे, भोकाभोकांचे. क्लेलियानं चमचा बुडवला आणि तो तसाच धरून ठेवला. रश्श्यावर तेलाची गोल गोल नाणी तरंगत होती, एकमेकींत मिसळत होती.

"मला नीट सांग तरी," दामियान म्हणाला. "भांडत नाही मी. सांग, काय आहे?"

काय आहे? तिनं खरंच शोधून पाहिलं. म्हणावं तर अशी मोठी गोष्ट होती: की ज्या माणसाचा मग आपण वेगळा ठेवला त्याचं नाव आता आपण जिभेवर घेऊन फिरतो, की जिवंतपणी ज्याचा वास नको होता त्याचं रक्त मेल्यावर हवं झालं, की ही बाई, हे कागद, हा कॉलर-टाय, सगळं चिमण्यांच्या जाळ्यासारखं आहे, गोड आवाजात दाणे टाकलेलं. हे सगळं तिला बसमध्ये सुचलं होतं आणि तेव्हा ते उदात्त वाटलं होतं. आता वजडीच्या वाफेत बसून तिला त्या उदात्तपणाचीही किळस आली. कारण त्याच्या खाली, अगदी तळाशी, वाडग्याच्या बुडाला चिकटलेल्या तुकड्यासारखं, आणखी काहीतरी होतं. तिनं सही केली की दामियान जाईल. मग ह्या टेबलाशी ती आणि आई. आईची नखं, आईचं लॅव्हेंडर, आईचा शब्द. आणि आई गेल्यावर ती एकटी, हात धूत. सात जन्मांचा न्याय ती एका म्हाताऱ्यासाठी मागत होती की पोराला खुंट्याला बांधायला त्या म्हाताऱ्याची दोरी करत होती? आधी त्याला सगळ्यांनी परसात ठेवलं, मग पणतवानं किल्ली केलं, आणि आता ती त्याची दोरी करू पाहते. तिला स्वतःच्या तोंडाची चव कडू लागली. मुलानं जावं असंही तिला वाटत होतं, हेही खरं. तो रोज दुपारपर्यंत लोळायचा, दाढी वाढवायचा, त्याच्या खोलीला आता माणसाच्या कुजण्याचा, न वापरलेल्या तरुणपणाचा वास येऊ लागला होता.

"काही नाही," ती म्हणाली. "आजोबांचं आठवलं."

"अगं तेच तर!" दामियाननं हात पसरले. "त्यांच्यासाठीच तर. त्या बाईनं काय म्हटलं ऐकलंस ना? कधीच नाही. एवढी वर्षं राहिले इथे, सगळे इथले होऊन गेले, पण ते नाही झाले. कुणापुढे मान वाकवली नाही. आजी सांगायची ना, फार ताठ होता, खाल्लं इथलं पण कागद घेतला नाही. आधी मला ती शिवी वाटायची. आता कळतं. तो माणूस आपल्यासाठी थांबून राहिला होता."

"आपल्यासाठी?"

"बरं, आपल्याला ठाऊक नसताना. पण झालं ते आपल्या भल्याचंच की नाही?"

एर्मिंदा वजडी चावत होती. तिचे दात खोटे होते पण चावणं खरं. फोटोकडे तिची पाठ होती. फोटो टांगल्यापासून ती खुर्ची बदलून बसू लागली होती.

क्लेलियानं चमचा तोंडात घातला. तुकडा जिभेवर फिरला, गुळगुळीत, मग खरखरीत. तिनं तो गिळला. पोरगं तिच्याकडे बघत होतं, भुवया उचलून, अगदी लहान असताना ताप मोजताना बघायचं तसं. सव्वीस वर्षांचा घोडा. एकाएकी तिला फार थकल्यासारखं झालं. किळससुद्धा थकते. वास सारखा घेत राहिलं की नाकाला तो लागेनासा होतो, हे दुकानात शिकलेली ती. त्यात चांगुलपणा काही नसतो, नाक मरतं एवढंच.

"उद्या सकाळी जाऊ," ती म्हणाली. "करते सही."

"शपथ?"

"आता शपथा घालतोस? खा."

दामियाननं टेबलाला वळसा घालून तिला मिठी मारली, तिच्या केसांत तोंड खुपसून मोठ्यांदा मुका घेतला. मग कपाटातून वाइनची बाटली काढली, तीन ग्लास मांडले, आजीच्या ग्लासात सोड्याचं पाणी जास्त घातलं. त्याचे डोळे ओले झाले होते, खरेखुरे. तो फोटोकडे वळून उभा राहिला.

"नोन्नोच्या नावानं," तो म्हणाला. "ज्यानं शेवटपर्यंत मनातून आपलं गाव सोडलं नाही. जो यांच्यातला झाला नाही. चल आजी, उचल ग्लास."

एर्मिंदानं ग्लास उचलला नाही. तिनं तोंडातला घास संपवला, रुमालानं ओठ टिपले. रुमालावर लालीचा डाग पडला.

"कुणी सांगितलं तुला?" ती म्हणाली.

"काय?"

"की त्याला व्हायचं नव्हतं."

"तूच की! अख्ख्या गल्लीला सांगायचीस. गर्विष्ठ म्हातारा, गर्विष्ठ म्हातारा."

"गल्लीला सांगायची. गल्लीला काय माणूस खरं सांगतो?"

"आई," क्लेलिया म्हणाली.

"थांब तू." एर्मिंदानं हाताचा पंजा वर केला, तिच्याकडे न बघता. ती टेबलक्लॉथवरचा पावाचा चुरा बोटानं एका जागी गोळा करत होती. "ज्या वर्षी आम्हा बायकांना पहिल्यांदा मत मिळालं ना, मी हातमोजे घालून गेले होते. शाळेच्या दारात ही रांग. तुझा आजोबा आल्दो गेला, मी गेले, समोरची मोलकरीणसुद्धा गेली. परत आले तर हा अंगणात उभा. म्हणाला, एर्मिंदा, आता ह्या घरात मीच एकटा राहिलो. त्यानं कुठे कुठे विचारून ठेवलं होतं, कोर्टात अर्ज करायचा, जज्जापुढे उभं राहायचं, दोन शब्द बोलायचे. म्हणाला, मला वाचता येत नाही, तुला येतं, तू चल बरोबर. आल्दोला सांगू नकोस, त्याला बंदरावरून सुट्टी मिळत नाही, तूच चल."

दामियाननं ग्लास टेबलावर ठेवला.

"मी म्हटलं, सोमवारी जाऊ. सोमवारी त्यानं दाढी केली. स्वतःच, आरसा नव्हता त्याच्याकडे, खिडकीच्या काचेत बघून. गालभर कापून घेतलं. मागच्या दारात येऊन उभा राहिला, टोपी हातात धरून, ही अशी, पोटाशी. मी म्हटलं, आज धुणं आहे, पुढच्या सोमवारी. तो म्हणाला, बरं. पुढच्या सोमवारी पुन्हा दाढी. मग मी काहीतरी सांगितलं. मग पुन्हा काहीतरी. तो दरवेळी म्हणायचा, बरं. चिडला नाही कधी. चिडला असता तर बरं झालं असतं."

"पण का?" क्लेलियानं विचारलं. तिचा आवाज तिचा तिलाच परका वाटला. "आई, का?"

"का म्हणजे? ट्रामनं जायला लागायचं. भर दुपारी, मेन रोडवरून. तो माझ्या शेजारच्या बाकावर बसला असता. लोकांनी विचारलं असतं, हे कोण तुमचे? त्याच्या अंगाला वास यायचा गं. मला वास सहन होत नव्हता." तिनं गोळा केलेला चुरा तळहातावर घेतला, आणि तो कुठे टाकावा हे तिला सुचेना, तशीच मूठ मिटून तिनं मांडीवर ठेवली. मग पहिल्यांदाच ती खुर्चीत वळली आणि त्या टाय घातलेल्या माणसाकडे तिनं पाहिलं. "मान वाकवली नाही म्हणे. दारात वाकूनच उभा असायचा. इथला व्हायचं होतं त्याला, दुसरं काही नको होतं. मीच नाही नेलं."